जीभ, गाल, टाळू : विशेष काही नाही

कॅम्बोर्न, ८ सप्टेंबर २०२४

प्रिय वेना,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस तरी निदान हे पान संपेपर्यंत फाडू नकोस. पत्ता जेनिफर आत्याने दिला. तिच्यावर चिडू नकोस. ती बराच वेळ नाहीच म्हणत होती. मग मी दोन केशराचे बन तिच्या पुढ्यात ठेवले आणि तिसऱ्या चहाला ती बोलली. स्कॉटलंड, फोर्ट विल्यम, हॉटेलचं स्वयंपाकघर, मागच्या बाजूची खोली. एवढ्या लांब जायला आपल्या दोघींचं भांडण पुरलं, याचं मला अजून नवल वाटतं.

काम आहे म्हणून लिहितेय. पाच वर्षं गप्प बसून आज एकदम तुझी आठवण आली असं म्हटलं तर तू हसशील, तेव्हा सरळच सांगते. डॅडचं घर रिकामं करताना तू बिस्किटांचा मोठा निळा डबा नेलास. त्यात तळाशी एक तपकिरी पाकीट असेल. माझी शाळेची प्रमाणपत्रं. ती मला हवीत.

त्यात मिरवण्यासारखं काही नाही हे तुला माहीत आहे. इंग्रजी सी, विज्ञान डी, गणित ई, आणि भूगोलात यू, म्हणजे पेपरवर नाव लिहिल्याचेही गुण नाहीत. गणित मी पुन्हा दिलं. दोनदा नापास झाले, या जूनमध्ये तिसऱ्यांदा पास झाले, सोळा वर्षांच्या पोरांच्या मधोमध बसून. शेजारचा पोरगा म्हणाला, "मिस, तुम्ही सुपरवायझर ना, मग लिहिताय काय?" विज्ञानासाठी दोन वर्षं संध्याकाळच्या वर्गाला गेले. तरी विद्यापीठांना जुनी प्रमाणपत्रंही बघायची असतात. माणूस कुठून आलं ते त्यांना कळायला हवं म्हणे.

कोर्स आहे डेंटल हायजीन आणि थेरपीचा. तू म्हणशील, नर्स आहेस की दातांच्या दवाखान्यात, आणखी काय हवं. नर्स म्हणजे मी तेरा वर्षं करतेय ते. दुसऱ्याच्या हातात हत्यारं द्यायची, लाळ ओढायची, डॉक्टर बोलतील ते कॉम्प्युटरवर टिपायचं. थेरपिस्ट स्वतः खुर्चीपाशी बसते. दात साफ करते, भरते, पोरांचे दुधाचे दात काढते. आमच्याकडे आता तीन गावांना मिळून डॉक्टर पुरत नाहीत. मागच्या महिन्यात एक बाई स्वतःच पकडीने उपटलेला दात रुमालात बांधून आली आणि विचारत होती, मूळ आत राहिलंय का. मी मूळ बघितलं. पण तिच्या तोंडात हात घालायचा अधिकार मला नव्हता. तो मला हवाय.

शाळेत गुण का कमी, याचंही कारण लिहावं लागतं. मी लिहिलंय की त्या वर्षी आई आम्हाला सोडून गेली. ते खोटं नाही. पण मी परीक्षेच्या आठवड्यात पोर्टरीथच्या वाळूवर पडले होते आणि तू आइस्क्रीमच्या गाडीमागून माझा कान धरून मला घरी आणलं होतंस, हेही खोटं नाही. ते मी लिहिलेलं नाही.

पाकीट तेवढं पाठव. सोबत काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

टॅमसिन

कॅम्बोर्न, ३ ऑक्टोबर

प्रिय वेना,

पाकीट पोचलं. आभार.

चिठ्ठीही मिळाली. हॉटेलच्या ऑर्डरचा कागद, एका बाजूला 'टेबल नऊ, दोन सूप, एक मासा' आणि उलट बाजूला तुझं ते ठळक अक्षर. 'ही घे. मला एकच सांग. ऑक्टोबरमध्ये त्याच्या तोंडात ते होतं का?'

एवढंच. मी कशी आहे तेही नाही. असो, मीही विचारलं नव्हतं.

वेना, डॅड गेल्यावर आमच्या दातांच्या दवाखान्याची नोंद तू स्वतः अर्ज करून मागवली होतीस. तू ती वाचलीस. त्यात लिहिलंय, 'खालची कवळी लागत होती, घासून दिली. जीभ, गाल, टाळू तपासले. विशेष काही नाही.' खाली डेंटिस्ट मिस्टर पॅस्कोंची सही आहे आणि नोंद करणारी म्हणून माझी आद्याक्षरं आहेत. ऑक्टोबर २०१८. फेब्रुवारीत गावातल्या डॉक्टरने जिभेखाली बघितलं तेव्हा कॅन्सर गळ्याच्या गाठींपर्यंत पोचला होता. मधल्या चार महिन्यांचं मी काय सांगणार? नोंद आहे ती आहे.

विषय बदलते. अर्जात स्वतःबद्दल एक पान लिहायचं असतं, हे क्षेत्र का निवडलं वगैरे. मी डॅडच्या कवळीपासून सुरुवात केली. एकविसाव्या वाढदिवसाला आजोबांनी त्याला दवाखान्यात नेऊन सगळे, चांगलेसुद्धा, दात काढवून घेतले आणि कवळी भेट दिली, म्हणजे पुढे बायकोला खर्च नको. तो सांगायचा ना, "लोकांना वाढदिवसाला घड्याळ मिळतं, मला जबडा मिळाला." कोर्स शिकवणाऱ्यांना असलं आवडतं असं ऐकलंय. आणि दात नाहीत म्हणजे दातांच्या डॉक्टरकडे जायचं कारणच संपलं, असं मानणारी आपल्याकडची ती पूर्ण पिढी. त्या एका भेटीआधी डॅड अठ्ठावीस वर्षं कुणाला तोंड दाखवायला गेला नव्हता. जीभ असते, गाल असतात, तिथेच खरं बघायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही.

मी त्या पानावर ते सांगितलंय. चांगलं उतरलंय.

थंडी पडली असेल. डॅडचा खाणीतला जाड कोट तुझ्याकडेच आहे ना? तो घालत जा.

टॅम

कॅम्बोर्न, १७ नोव्हेंबर

प्रिय वेना,

डॅडला जाऊन आज पाच वर्षं झाली. सकाळी कबरीवर गेले होते. कुणीतरी आधीच फुलं ठेवून गेलं होतं. मला वाटलं आत्या असेल. आत्या म्हणाली, मी नाही, ते पॅस्को असतील, ते दर वर्षी जातात.

मला हे माहीत नव्हतं.

शिफारसपत्र हवं होतं म्हणून दुपारी त्यांच्याकडे गेले. अर्ज करणारीचं काम जवळून पाहिलेल्या माणसाने लिहायचं असतं, आणि मला काम त्यांनीच शिकवलं. तू त्यांना शेवटचं बघितलंस तेव्हा ते ताठ होते. आता नाहीत. साठीलाच दवाखाना विकला ते तुला माहीत असेल. बागेत कोबी लावलाय, त्याला गोगलगायी लागल्यात. बायकोने स्कोन आणि साय आणून ठेवली. मी शिफारसीचं बोलले. त्यांनी लगेच हो म्हटलं.

मग म्हणाले, "टॅम, तुला आठवतं का, त्या दिवशी मी तुझ्या डॅडची, क्लेमची, जीभ उचलून बघितली होती ना?"

मी म्हटलं, "नोंदीत आहे तसं."

"नोंदीत आहे. माझी सही आहे. पण मला ते आठवतच नाही. बघितल्याशिवाय मी सही केली नसणार. म्हणजे बघितलं. म्हणजे ते तिथे होतं आणि मला दिसलं नाही, नाहीतर तिथे नव्हतं. चार महिन्यांत एवढं वाढत नाही गं सहसा. म्हणजे मला दिसलं नाही." स्कोनवर साय लावता लावता बोलत होते. "त्यानंतर प्रत्येकाच्या तोंडात मी तीन-तीनदा बघायचो. तासाला सहा जणांच्या जागी दोन व्हायचे. मग मी सोडलंच. ज्याला आपल्या डोळ्यांवर भरवसा नाही त्याने आरसा हातात धरू नये."

मी स्कोन संपवला. पत्र चांगलं लिहीन म्हणाले. दारात त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुझे डोळे चांगले आहेत. मी तसं लिहितो."

तू विचारलंस त्याचं उत्तर यात आहे असं समज. त्यांना दिसलं नाही.

टॅम

कॅम्बोर्न, २६ जानेवारी २०२५

वेना,

अर्ज काल गेला. चार विद्यापीठं. एकाने आठवडाभरात नकार ऐकायची तयारी ठेवा असं आधीच फोनवर सांगितलंय, जुने गुण बघून.

आमच्याकडे रुता म्हणून थेरपिस्ट आहे, लिथुआनियाची. कामाला वाघीण आणि बोलायला काटेरी. पाठवण्याआधी मी तिला माझं पान वाचायला दिलं. तिने खुर्चीचा दिवा लावून त्याखाली धरून वाचलं.

म्हणाली, "चांगलं आहे. रडू येईल त्यांना. तू लिहिलंयस, आजार उशिरा कळला."

"हो."

"कुणाला उशिरा कळला?"

"सगळ्यांनाच."

"सगळ्यांना एका दिवशी कळत नाही. आधी एकाला कळतं." आणि मला पान परत देऊन हातमोजे घालायला लागली. तिला काही माहीत नाही. तिला असं बोलायची सवयच आहे. पण मी दिवसभर तिच्यासमोर जायचं टाळलं.

तुझं काही उत्तर नाही. मी मोजत नाहीये, पण चौथं पत्र आहे हे.

एक गोष्ट माझ्याकडून लिहायची राहिलीय. अंत्यविधीनंतर चॅपलच्या हॉलमध्ये मी जे बोलले ते. तू चहाच्या किटल्या भरत होतीस. सगळे ऐकत होते, खाणीतली माणसं, आत्या, पॅस्कोसुद्धा. मी म्हटलं, "तू रोज त्याच्यासमोर जेवायला बसायचीस. एका टेबलावर. तुला दिसलं कसं नाही?" तू किटली खाली ठेवलीस, एप्रन काढून खुर्चीवर टाकलास आणि बाहेर गेलीस. पुढच्या आठवड्यात घर रिकामं झालं.

मला त्याचं वाईट वाटतं. तेव्हाही वाटलं होतं. आपल्याला माहीत असतं की हे बोलायचं नाही, तरी आपण ते बोलतो, कारण ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून दुसऱ्याच कुणाबद्दल निघेल अशी भीती असते. हे वाक्य मला नीट लिहिता येत नाहीये. राहू दे.

टॅम

कॅम्बोर्न, ६ मार्च

वेना,

मुलाखत झाली. तीन ठिकाणांहून नकार, एकाच ठिकाणी बोलावलं. बाकीच्या मुली अठरा वर्षांच्या, केस चमकणाऱ्या, आयांनी गाडीतून सोडलेल्या. एक मला म्हणाली, तुम्ही शिकवता का इथे. मला आता हे ऐकायची सवय झालीय.

आधी हातांची परीक्षा होती. तार दिलेल्या आकारात वाकवायची. ती मला पाच मिनिटांत जमली आणि वरून शेजारणीची सरळ करून दिली. मग दोघांसमोर बसले. एक पांढऱ्या आखूड केसांच्या बाई, कोर्सच्या प्रमुख, आणि एक तरुण प्राध्यापक. माझं पान त्यांच्यापुढे होतं, डॅडवरच्या ओळींखाली पेन्सिलीच्या रेघा मारलेल्या.

बाईंनी विचारलं, "आजार कळण्याआधी तुमच्या वडिलांचं तोंड कुणी तपासलं होतं का?"

मी म्हटलं, "हो. चार महिने आधी. डेंटिस्टनी."

"आणि त्यांना दिसलं नाही?"

"नाही दिसलं."

"तुम्ही त्या डॉक्टरांवर रागावला नाहीत?"

"चांगले डॉक्टर होते ते. माणसाकडून सुटतं."

बाईंचे डोळे भरून आले. खरंच आले, वेना, मी बघितलं. त्यांनी चष्मा काढला. मग तरुण प्राध्यापकाने ठरलेला प्रश्न विचारला, जो सगळ्यांना विचारतात, आणि ज्याचं उत्तर संध्याकाळच्या वर्गात आमच्याकडून घोकून घेतलं होतं. कामात तुमच्या हातून चूक झाली असेल असा प्रसंग सांगा. मी सांगितलं की एकदा एकाचा एक्स-रे दुसऱ्याच्या नावावर चढवला होता, माझ्याच ध्यानात आलं, मी लगेच डॉक्टरांना सांगितलं, कुणाचं नुकसान झालं नाही. तो प्रसंग खरा आहे. सोयीचा आहे म्हणून खोटा होत नाही.

बाई म्हणाल्या, "स्वतःची चूक इतक्या मोकळेपणाने सांगणारी माणसं कमी असतात."

मी हसले.  

टॅम

कॅम्बोर्न, १३ एप्रिल

प्रिय वेना,

मला जागा मिळाली.

मंगळवारी कळलं. दवाखान्यात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, रुताने केक आणला, वर बदामाच्या मार्झिपानची दाढ. विज्ञानात डी, गणितात तिसऱ्या वेळी पास, भूगोलात शून्य, आणि सप्टेंबरपासून विद्यापीठात. डॅड असता तर रस्त्यावर जो भेटेल त्याला थांबवून सांगत बसला असता. फक्त स्वीकारते असं कळवायचं बाकी होतं. कॉम्प्युटरवर एक कळ दाबायची.

ती दाबायला बोट ठेवलं आणि मला दुसरी कळ आठवली. आता ती सांगते. मधे थांबले तर पुन्हा सुरू करणार नाही, तेव्हा तूही मधे थांबू नकोस.

आमच्या कामात एक पद्धत आहे. नर्सेसची, डॉक्टरांची नव्हे. पेशंट आत यायच्या आधी आपण त्याचं पान उघडतो आणि ठरलेल्या ओळी भरून ठेवतो. एक कळ दाबली की 'जीभ, गाल, टाळू तपासले. विशेष काही नाही' ही ओळ आपोआप येते. डॉक्टर बघणारच असतात, शंभरात नव्याण्णव वेळा विशेष काही नसतंच, मग वेळ वाचतो. काही निघालं तर ओळ बदलायची. मला हे माझ्या आधीच्या नर्सने शिकवलं, मी पुढच्यांना शिकवलं. पॅस्कोंना हे माहीत नव्हतं. संध्याकाळी सही करताना ओळ जागेवर असायची, बस.

१६ ऑक्टोबर २०१८, मंगळवार. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत डॅडला आत घेतलं, माझा बाप म्हणून, उपकाराखातर. पावणेएकला यायचं होतं. तो दहा मिनिटं उशिरा आला कारण माझ्यासाठी घरून मांस-बटाटा भरलेली गरम पास्टी घेऊन आला होता, कोपऱ्यावर कणकेचं टी अक्षर चिकटवून, जसा तो शाळेत असताना करून द्यायचा. तू त्या दिवशी सकाळच्या पाळीला होतीस, म्हणून तुला ते माहीत नाही. तो वाटेत होता तेव्हाच मी ती ओळ भरली होती.

टोपी काढून खुर्चीत बसला आणि म्हणाला, "मिस्टर पॅस्को, एकही दात नसताना आलोय, हसायचं नाही."

"कुठे लागतंय, क्लेम?"

"खाली, डावीकडे. गिळताना."

पॅस्कोंनी खालची कवळी काढून दिव्याखाली धरली, म्हणाले, इथे धार आहे, आणि यंत्रावर घासली. तोंडात ते नेहमी शेवटी बघायचे, काम संपल्यावर. त्या दिवशी शेवट आलाच नाही. बाहेरून हाक आली, शाळेतली एक मुलगी पडलीय, पुढचा दात मुळासकट बाहेर, दुधाच्या पेल्यात घालून आणलाय. असा दात परत बसवायचा तर एकेक मिनिट महत्त्वाचं असतं. त्यांनी कवळी माझ्या हातात दिली. "टॅम, धुऊन बसव," म्हणाले आणि धावले.

म्हणजे त्यांनी बघितलंच नाही, वेना. त्यांचे डोळे चुकले नाहीत.

मी कवळी धुतली. दिवा खाली ओढला. म्हटलं, "डॅड, जीभ वर कर." त्याने केली. डाव्या कडेला, खाली, वाटाण्याच्या डाळीएवढं. पांढरं, कडेने लाल. मी बोट लावलं. कवळीने घासून झालेली जखम मऊ असते आणि माणूस ओरडतो. हे कडक होतं आणि तो ओरडला नाही. काय असतं ते मला माहीत होतं. भिंतीवर नेमकं तसंच चित्र लावलेलं होतं, माझ्या उजव्या हाताला.

डॅड म्हणाला, "काय गं पोरी, खाणीसारखं आत कथील लागलं का?"

मी म्हटलं, "काही नाही. कवळी घासलीय. आठवड्यात जाईल."

का म्हटलं ते मी सहा वर्षं शोधतेय आणि जे सापडतं ते सगळं क्षुल्लक आहे. पॅस्को त्या मुलीपाशी गुडघे टेकून बसले होते. दोन वाजल्यापासूनची पेशंटची यादी भरलेली होती. उपकाराखातर आत घेतलेल्या माणसासाठी त्यांना परत बोलवायचं मला अवघड वाटलं. ओळ भरलेली होती. आणि ते मी मोठ्याने म्हटलं असतं तर ते खरं झालं असतं. तो गेल्यावर मी पास्टी खाल्ली. संपूर्ण.

संध्याकाळी बदलायला म्हणून मी पान उघडलं. सही होऊन गेली होती. आता बदल केला तर वेळेसकट दिसणार होता, आणि पहिली ओळ किती वाजता भरली तेही दिसणार होतं. मी पान बंद केलं. डिसेंबरमध्ये तू त्याला डॉक्टरकडे जा म्हणून मागे लागलीस तेव्हा त्याने मला फोन केला. मी म्हटलं, "तपासलंय, डॅड. लिहिलेलं आहे." त्याने तुला तेच सांगितलं आणि तू गप्प बसलीस, कारण घरात दातांचं मला कळतं असं ठरलेलं होतं.

सोबत नोंदीची दुसरी प्रत आहे. तुला मिळाली होती त्यात वेळा नव्हत्या. यात आहेत. 'जीभ, गाल, टाळू' ही ओळ १२:४१. पेशंट खुर्चीत, १२:५५. या प्रतीसाठी मला अर्ज करावा लागला, कारण लिहावं लागलं. कारणात मी 'माझी चूक' असं लिहिलं.

हीच पानं काल सकाळी मी विद्यापीठातल्या त्या बाईंना पाठवली आणि आमच्या दवाखान्याच्या मॅनेजरलाही दिली. तुझ्याआधी मुद्दाम पाठवली, म्हणजे तुझ्या क्षमेवर माझी जागा किंवा नोकरी टांगली आहे असं तुला वाटू नये. दोन्ही बहुतेक जातील. मॅनेजरने मला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. रुताने माझा डबा फ्रिजमधून काढून माझ्या पिशवीत ठेवला.

पॅस्कोंकडे मी स्वतः गेले. बागेतच उभ्या उभ्या त्यांनी वाचलं. पहिल्यांदा म्हणाले, "म्हणजे मी बघितलंच नव्हतं." हे दोनदा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा मोकळा होताना मी बघितला. मग त्यांनी माझ्याकडे नजर वळवली. "सहा वर्षं मी माझ्या डोळ्यांना शिव्या देतोय," म्हणाले. "सात नोव्हेंबरला तू माझ्या टेबलावर बसून खाल्लंस." ती तारीख सात नव्हती, सतरा होती. मी दुरुस्त केलं नाही. त्यांनी फाटक लावून घेतलं.

प्रमाणपत्रांचीही गोष्ट सांगते. बोर्डाकडे अर्ज केला की त्यांच्या नकला मिळतात, मला ते माहीत होतं. मला तुला लिहायला निमित्त हवं होतं. पहिल्या पत्रात हे लिहायचं ठरवून बसले होते आणि भूगोलाच्या गुणांवर विनोद करून उठले.

तू विचारलंस, ऑक्टोबरमध्ये त्याच्या तोंडात ते होतं का. होतं. नोंदीत नव्हतं म्हणून तू समजलीस की ते नंतर आलं, तुमच्या जेवणाच्या टेबलावर, तुझ्या डोळ्यांदेखत वाढत गेलं आणि तू त्याला सूप वाढत राहिलीस. मी तुला तसं समजू दिलं. समजू दिलं एवढंच नाही, चॅपलच्या हॉलमध्ये चारचौघांत तुझ्या माथी मारलं. समोर बसणाऱ्याला जिभेखालचं दिसत नाही, वेना. त्यासाठी दिवा खाली ओढावा लागतो आणि जीभ वर कर म्हणावं लागतं. ते मी म्हटलं होतं, आणि त्याने केली होती.

टॅमसिन